तिसऱ्या वर्षीची ढाल

ज्या माणसाला एका जागी बसवत नाही त्याने शिंप्याचा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते दत्तारामबुवांना पाहून झालेलं आहे. श्रीवर्धनच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं आणि दुकानाला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. आमचे हे लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. स्वातंत्र्य येऊन चार-सहा वर्षं झाली असतील. मुंबईला जायचं तर आगबोटीने, आणि पावसाळ्यात तीही बंद. दोन घरांमधली भिंत कुडाची. बुवा शिंकले तरी माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायचं, मग गाण्याचं काय सांगू!

बुवा म्हणजे भजनी मंडळाचे बुवा. उंच, किडकिडीत, गळ्यात टेप, कानावर खडू. आवाज मात्र देवाने हात सैल सोडून दिलेला. बाजारात गायले तर सुपारीच्या वाड्या ओलांडून किनाऱ्यावरच्या माणसाला ऐकू जावा असा. पण बूड म्हणून ठरायचं नाही. मशीनवर बसून दोन टिपा मारल्या की उठले. बंदरात आगबोट दिसते का बघून आले, वाटेत कुणाचं छप्पर शाकारत असतील तर शिडीवर चढले, परत आले आणि दुसराच कपडा हातात घेतला. एका वेळी पाच कपडे बेतलेले आणि पाचही अर्धे. जेवायचे ते उंबऱ्यावर, एक पाय घरात आणि एक बाहेर.

"भात वाढते तवा समोर असतात," सरूबाई, त्यांची बायको, मला सांगायची. "आमटी आणीपर्यंत दारात. मी काय ताट घेऊन मागनं पळू?"

तोंडात एकच वाक्य, "चला, फुडं चला!" गिऱ्हाइकाला तेच, देवाला तेच. एकदा कुणाच्या तरी मयताला गेले असताना खांदेकऱ्यांनाही तेच म्हणाले. लोकांना त्या प्रसंगी हसू कसं आवरावं ते कळेना.

मी नवी होते तेव्हा त्यांच्याकडे खणाचं पोलकं शिवायला टाकलं. आलं ते बघितलं तर एक बाही कोपराशी आणि दुसरी चांगली दोन बोटं वर. मी तणतणत सरूबाईकडे गेले. तिने पोलकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "गौळणीत शिवलान असेल."

मला काही उमजेना. मग तिने सांगितलं. बुवा शिवताना गात असत. अभंग चालू असला की मशीन ठीक चालायचं. गौळण लागली की पाय सुटायचा आणि हात त्याच्या मागे धावायचे. ही गोष्ट बाजारातल्या यच्चयावत बायकांना माहीत होती. खण देताना त्या गोड आवाजात सांगायच्या, "बुवा, माझं पोलकं अभंगात शिवा हो." बुवांना वाटायचं, बायका भाविक आहेत, कपड्याला देवाचं नाव लागावं म्हणून सांगतात. ते मान डोलवायचे. त्यांना खरं कारण सांगायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि खरं म्हणजे कुणाला सांगावंसं वाटतही नव्हतं.

दर वर्षी पौषात, भात घरात आलं की मारुतीच्या देवळापुढे मांडव पडायचा आणि तालुक्यातल्या भजनी मंडळांची स्पर्धा व्हायची. दुपारी सुरू होऊन दिवेलागणीला निकाल. बक्षीस म्हणजे एक ढाल, शिसवी लाकडावर चांदीचा मुलामा दिलेला पत्रा आणि मधोमध वीणा. जिंकणाऱ्या मंडळाने ती वर्षभर आपल्याकडे ठेवायची आणि पुढच्या पौषात चिंचेने घासून, लखलखीत करून मांडवात परत आणायची. लागोपाठ तीन वर्षं जिंकली तर मात्र ढाल कायमची आपली. तसं कधी कुणाला जमलं नव्हतं. ढाल आज या गावात, उद्या त्या गावात, अशी माहेरवाशिणीसारखी हिंडत असायची.

ती बुवांच्या मंडळाने जिंकली आणि दुकानात मशीनच्या वर टांगली, ती दुसऱ्या वर्षीही तिथेच राहिली.

पहिल्या वर्षीचा निकाल मला चांगला आठवतो. परीक्षक गुण जुळवायला बसले आणि बुवा अनवाणीच मांडवाबाहेर पडले. निकालाची वाट बघणं त्यांना जमायचंच नाही. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, आणि ढाल घ्यायला माणूस नाही! अर्धा मांडव किनाऱ्यावर त्यांना शोधायला गेला. बुवा कोळ्यांबरोबर रापणीचं जाळं ओढत होते. लोक ओरडले, "बुवा, ढाल! ढाल मिळाली!" तर म्हणतात, "थांबा, जाळं येऊंदे वर." मग माशांचा वास घेऊनच ते व्यासपीठावर चढले.

आता ही ढाल मिळाली कशी, ते सांगायला हवं. भजनात बुवा एक ओळ म्हणतो आणि मागे बसलेले झिलकरी ती ओळ उचलून परत म्हणतात. या झिलकऱ्यांत पुढे बसायचा बुवांचा एकुलता मुलगा, विष्णू. विशी ओलांडलेला, अंगाने बापासारखा आणि स्वभावाने आईसारखा शांत. बुवा ओळ म्हणता म्हणता पळवायचे, आणि विष्णू ती उचलताना हळूच जागेवर आणून ठेवायचा. दूध उतू जायला लागलं की आपण पातेलं जरा वर उचलतो ना, तसं. बुवा पुन्हा पळवायचे, हा पुन्हा जागेवर आणायचा. ऐकणाऱ्याला वाटे की या मंडळाची म्हणायची तऱ्हाच अशी आहे. मला गाण्यातलं कळतं असा माझा दावा नाही, पण दोघींनी मिळून भात कांडताना एकीचा हात पळू लागला की दुसरीने काय करायचं ते मला कळतं. विष्णू तेच करत होता, आणि बापाला कळू न देता.

दुसऱ्या वर्षी परीक्षक म्हणून अलिबागकडचे एक वयस्कर बुवा आले होते. ढाल मंडळाच्या हाती देताना त्यांनी चार शब्द सांगितले. म्हणाले, "आवाज बुवांचा, लय झिलकऱ्यांची. दोघांचंही कौतुक." आमचे दत्तारामबुवा तेव्हा नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर होते. त्यांच्या कानावर ते गेलंच नसतं. पण बाजारात असली वाक्यं पोचती करणारे पुण्यवंत कमी नसतात.

पुढच्या तालमीला काय झालं ते कुडाच्या भिंतीतून मी शब्दन् शब्द ऐकलं.

"लय झिलकऱ्यांची म्हंजे काय?" बुवांनी विचारलं. "मंग माजी लय कुठं गेली?"

शेवटी विष्णूच म्हणाला, "बाबा, तुमची लय पळते."

"पळते? लय काय कोंबडी हाय, पळायला?"

"पळते. गौळणीत तर जास्तच. आमी मागनं धरतो, म्हणून निभावतं."

"ही लय माज्या बापाकडनं घेतलीय मी!" बुवांचा आवाज चढला. "इतकी वर्सं गातोय. कुणी माय का लाल बोलला न्हाय. आणि तू? तुला टाळ धरायला मीच शिकवला ना रे?"

"शिकवलात. म्हणून तर बोललो."

टाळ आपटल्याचा आवाज झाला. "ज्याला माजी लय पळताना दिसते, त्यानं माज्या मागं बसू नये."

विष्णू उठला तो पुन्हा बसला नाही. त्याचा मामा मुंबईला गिरणीत होता. पुढच्या आगबोटीने विष्णू त्याच्याकडे गेला आणि तिथेच कामाला लागला. सरूबाईने त्याची वळकटी बांधून दिली, आंबोळ्या बांधून दिल्या, आणि माझ्या दारात येऊन बसली. "बापाला बसवत न्हाय नि पोराला सोसवत न्हाय," एवढंच म्हणाली. मला बुवांचा असा राग आला की त्या आठवड्यात मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

तिसऱ्या वर्षी स्पर्धेची नावं आली तेव्हा बाजारात एकच गडबड उडाली. आपल्या तालुक्यातली जी माणसं मुंबईला गिरण्यांत होती त्यांनी तिथे मंडळ काढलं होतं. ते मंडळ स्पर्धेला येणार होतं आणि त्याचा बुवा होता विष्णू.

त्या दिवसांत बुवांना बघवत नव्हतं. ढाल आता कायमची होणार होती किंवा पोरगा ती घेऊन जाणार होता. सकाळी तालीम, संध्याकाळी तालीम, मध्ये तीनदा बंदरावर फेरी. "येऊंदे," ज्याला त्याला सांगत, "येऊंदे त्याला. ढाल माजी हाय." आणि वाक्य संपायच्या आत दुसरीकडे निघालेले असत. सरूबाई मारुतीला नारळ बोलली होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघी बायकांच्या बाजूला पुढेच बसलो. विष्णू आदल्या दिवशीच आला होता, पण उतरला होता मंडळाबरोबर देवळाच्या ओसरीवर. आईला भेटून गेला. बाप घरात नव्हता. म्हणजे होता, पण मागच्या दाराने निघून गेला होता.

बुवांचं मंडळ आधी गायलं. सुरुवातीचा अभंग ठीक गेला. आवाज तर असा लागला होता की सबंध मांडव गप्प झाला. पण ओळ धरायला मागे कुणी नव्हतं. बुवा पळायला लागले तसे झिलकरीही पळायला लागले, त्यांच्या मागे मृदंगवाला, आणि गौळणीत तर सगळीच घाई झाली. वेळ संपल्याची घंटा व्हायला पुष्कळ अवकाश होता तेव्हाच भजन संपलं. बुवा घामाने निथळत खाली उतरले. चेहऱ्यावर असा आनंद, की जग जिंकून आलेत. मी सरूबाईकडे बघितलं नाही.

मग आणखी मंडळं गायली. ती बिचारी आवाजाने बुवांच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. आणि शेवटी मुंबईचं मंडळ आलं.

विष्णूने पेटी पुढे ओढली. अभंग सुरू केला. काय सांगू! आवाज बापाचाच, पण एकेक शब्द जागच्या जागी. परीक्षक डोळे मिटून ऐकू लागले. मांडवात ज्याला म्हणून कान होते त्याला कळलं की ढाल मुंबईला चालली.

मग गौळण. पहिली ओळ सरळ गेली. दुसरीला विष्णू जरासा पुढे सरकला. तिसरीला आणखी. त्याचे झिलकरी एकमेकांकडे बघू लागले, कारण तालमीत असं कधी झालं नव्हतं. मृदंगवाल्याने तर डोळे वटारले. विष्णू खाली मान घालून ओळी पळवत होता, थेट बापासारखा. खांदे तसेच उडवत, शेवटचा शब्द तसाच अर्धा गिळत. लोकांत हशा पिकला. "अरे, हा तर दत्तारामबुवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सरूबाईने माझं मनगट धरलं. "मुद्दाम केलान," ती म्हणाली. "ह्ये त्यानं मुद्दाम केलान. बापाला भीक घातलान."

मी मान वळवून बुवांना शोधलं. ते खांबाला टेकून उभे होते, तोंड किंचित उघडं, टक लावून मुलाकडे बघत. परीक्षक गुण जुळवायला बसले, तरी बुवा हलले नाहीत. मांडवातला एकूण एक माणूस पोराला ऐकत होता, आणि हा एकटा माणूस जन्मात पहिल्यांदा स्वतःला ऐकत होता.

निकाल लागला. गौळणीत हसं झालं म्हणून मुंबईवाल्यांचे गुण कापले गेले, आणि आवाजाच्या जोरावर पहिला नंबर दत्तारामबुवांचा. ढाल कायमची त्यांची. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला. विष्णू पुढे आला, बापाच्या पाया पडला. बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही ते गर्दीत मला दिसलं नाही. त्यांनी ढाल मात्र घेतली. नाही म्हणाले असते तर गोष्टीत शोभलं असतं, पण त्यांना ती हवी होती, फार हवी होती, आणि त्यांनी ती घेतली. विष्णू सकाळच्या बोटीने मुंबईला गेला.

त्यानंतर बुवांनी मशीनवर गाणं सोडलं. आधी ढाल मशीनच्या वर होती. ती त्यांनी समोरच्या भिंतीवर नेली. समोर बघवेना म्हणून बाजूला टांगली. मग मशीनच फिरवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसू लागले. शेवटी तिच्यावर धोतराचं फडकं टाकलं. दुकानात येणारा जो तो फडकं उचलून बघायचा आणि म्हणायचा, "वा बुवा, तिसऱ्यांदा! कायमची!" की बुवा उठून चालायला लागायचे. पूर्वी ते कुठेतरी जायला उठत. आता नुसतेच उठत. त्या पावसाळ्यात बाजारातल्या झाडून साऱ्या बायकांची पोलकी बिनचूक शिवून झाली आणि कुणालाही त्याचं बरं वाटलं नाही.

एका दुपारी मी सुईदोरा मागायला गेले. बाहेर धो धो कोसळत होतं, दुकानात कुणी नव्हतं. बुवांनी मशीन थांबवलं.

"मास्तरीणबाई, एक इचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"मी तसाच गातो? त्या दिशी विष्णू गायला तसा?"

मला खोटं बोलता आलं असतं. बाजाराने इतकी वर्षं तेच केलं होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"तसंच गाता, बुवा."

ते बराच वेळ कात्री उघडमीट करत राहिले. "इतकी वर्सं," ते म्हणाले, "कुणी सांगितलं न्हाय मला."

"विष्णूने सांगितलं होतं."

"व्हय," बुवा म्हणाले. "त्यानं सांगितलं. नि मी त्याला उठवला." मग एकदम हसले, आणि ते हसू मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. "आवाज माज्याहून बरा हाय ना त्याचा? मी ऐकला. पण अभंगच ऐकला, मास्तरीणबाई. गौळण न्हायच ऐकायला मिळाली. त्याची अशी न्हायच."

आमची बदली दिवाळीत झाली. त्यामुळे पुढच्या पौषात काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. सरूबाईने आमच्या गावी येणाऱ्या एका बांगडीवाल्याकडे निरोप धाडला होता, तेवढंच मला ठाऊक. निरोप असा, "ढाल यांनी मांडवातल्या मेजावर परत ठेवलान. पोराकडनं हरले. लय खूश हायत." बांगडीवाल्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. हरल्यावर खूश कसे, असं त्याने मलाच विचारलं. मी त्याला चहा दिला.

मी बुवांना शेवटचं पाहिलं ते आमच्या बदलीआधी, नारळी पौर्णिमा होऊन आगबोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा. ते मुंबईला निघाले होते, आणि आम्ही गाव सोडेपर्यंत परतले नव्हते. सरूबाईबरोबर मीही बंदरावर गेले होते. बुवा पांढरा सदरा घालून, गोधडीत गुंडाळलेली ढाल छातीशी धरून, एकसारखे इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. आगबोट लांब पाण्यात उभी. तिच्यापर्यंत होडीतून जायचं.

"ढाल परत द्यायला चाललात विष्णूला?" मी विचारलं.

"परत कशाला? घेणार न्हाय तो. आईवर गेलाय." ते थांबले, पुन्हा चालू लागले, पुन्हा माझ्यापुढे आले. "त्याच्या पुढ्यात ठेवतो. हिच्यावर हात ठिव म्हणतो, नि शपथ घे. फुडल्या पौषात येशील नि खरं गाशील. बापाची कीव न्हाय करायची. मला हरवायचं, सगळ्या गावासमोर. नुसत्या बोलण्यावर ऐकायचा न्हाय तो, म्हणून ही न्यायची."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर तिथंच ऱ्हातो, त्याच्या खोलीत. त्याची तालीम ऐकतो. कधीतरी गाईलच ना गौळण!"

होडीवाल्याने हाक मारली. बुवा गुडघाभर पाण्यातून होडीत चढले आणि उभेच राहिले. "बसा, बुवा, बसा! होडी कलंडंल!" होडीवाला ओरडत होता. बुवा बसले नाहीत. वल्ही पडायला लागली, होडी लाटेवर चढली, आणि बुवांनी ढाल छातीशी धरूनच गायला सुरुवात केली. कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकला. गौळणच होती. एक ओळ झाली. दुसरीला पाय सुटणार असं मला वाटलं, आणि झालंही तसंच, वल्ह्याच्या आधी शब्द निघाला. पण वल्ही काही त्यांच्यासाठी घाई करीनात. त्यांनी शब्द तोंडातच धरला. वल्हं पाण्यात पडलं. मग शब्द आला.

मी सरूबाईकडे पाहिलं. ती डोळ्यांवर हात धरून होडीकडे बघत होती.

"थांबले," ती म्हणाली. "बघितलंत तुमी? थांबले."